काहीच त्रास नसताना



ज्या सरांच्या स्मृतीसाठी आपण या व्याख्यानमालेत जमतो, ते वर्गात कोणतंही विधान ‘कशावरून?’ असं विचारल्याशिवाय पुढे जाऊ देत नसत, असं त्यांचे विद्यार्थी सांगतात. उच्च रक्तदाबाबद्दल बोलताना हा प्रश्न फार उपयोगी पडतो. बीपी वाईट, हे आज सगळ्यांनाच ठाऊक आहे. पण ते कशावरून वाईट, नेमकं काय बिघडवतं आणि ते बिघडत असताना माणसाला काहीच का कळत नाही, हे आपण फारसं विचारत नाही. आणि ते न विचारल्यामुळेच गोळ्या मध्येच सोडल्या जातात.

माझ्यासमोर बसणारा रुग्ण बहुतेक वेळा एकच वाक्य म्हणतो. “डॉक्टर, मला काहीच त्रास नाही.” तो खरं बोलत असतो. हृदय आणि महारोहिणी, म्हणजे हृदयातून निघणारी मुख्य रोहिणी, वाढलेला दाब वर्षानुवर्षं निमूटपणे झेलतात, म्हणून त्याला त्रास नसतो. मला आज जे सांगायचं आहे ते एवढंच, की हे झेलणं हाच आजार आहे. दाबाशी जुळवून घेण्यासाठी शरीर स्वतःत जे बदल करतं, त्याच बदलांनी पुढे माणूस दगावतो.

एक उदाहरण घेऊ. ते मुद्दाम असं घेतो, की ज्यात पैशाची, डॉक्टरांची, इस्पितळाची कसलीही कमतरता नव्हती. अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट. १९३५ साली त्यांचा रक्तदाब १३६/७८ नोंदला गेला होता. १९३७ मध्ये तो १६२/९८ झाला, १९४० मध्ये १७८/८८ आणि फेब्रुवारी १९४१ मध्ये १८८/१०५. हे आकडे त्यांच्या डॉक्टरांच्या कागदांवर होते. पुढे तीन वर्षं महायुद्ध चालू होतं, अध्यक्ष कामात होते, आणि या आकड्यांवर म्हणण्यासारखा इलाज झाला नाही. मार्च १९४४ च्या अखेरीस, खोकला आणि थकवा हटेना म्हणून, हॉवर्ड ब्रुएन या नौदलातल्या तरुण हृदयतज्ज्ञाने बेथेस्डाच्या इस्पितळात त्यांना तपासलं. दाब १८६/१०८. ओठांवर निळसर झाक, फुप्फुसांत पाणी साचल्याचे आवाज, एक्स-रेमध्ये वाढलेलं हृदय आणि रुंदावलेली महारोहिणी. बासष्ट वर्षांच्या त्या माणसाचं हृदय निकामी होऊ लागलं होतं.

ब्रुएन यांनी काय दिलं? डिजिटॅलिस, कमी मिठाचा आहार, विश्रांती, सिगारेटी कमी करण्याचा सल्ला आणि मन शांत राहावं म्हणून फेनोबार्बिटॉल. डिजिटॅलिसने हृदयाला थोडा आधार मिळाला, दम कमी झाला. पण दाब खाली आणणारं सोसण्याजोगं औषध त्या काळात जगात कुठेच नव्हतं. फेब्रुवारी १९४५ मध्ये याल्टाला जाऊन ते स्टालिन आणि चर्चिल यांच्याशी बोलले. १२ एप्रिल १९४५ रोजी जॉर्जियातल्या वॉर्म स्प्रिंग्जमध्ये, दुपारी बसल्या जागी डोक्यात मागे भयंकर कळ आली आणि ते कोसळले. तेव्हा मोजलेला दाब ३००/१९० च्या वर होता. मेंदूत रक्तस्राव झाला होता. हा सगळा वैद्यकीय वृत्तान्त ब्रुएन यांनी १९७० मध्ये प्रसिद्ध केला. मी तो वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना वाचायला सांगतो, कारण दहा वर्षांत दाब कसा चढतो आणि हृदय, महारोहिणी, मेंदू कसे एकामागून एक त्याच्या कह्यात जातात, हे त्यात ओळीने दिसतं.

आता हृदयाच्या आत शिरू. निरोगी हृदय दिवसाला सुमारे एक लाख वेळा आकुंचन पावतं आणि साधारण ७,००० लिटर रक्त पुढे ढकलतं. हे काम डाव्या जवनिकेचं, म्हणजे हृदयाच्या डाव्या खालच्या कप्प्याचं. तिची भिंत सुमारे १ सेंटीमीटर किंवा त्याहून थोडी कमी जाडीची असते. पुढच्या महारोहिणीत दाब जास्त असेल, तर झडप उघडण्यासाठी आणि रक्त बाहेर काढण्यासाठी जवनिकेला प्रत्येक ठोक्याला तितका जास्त जोर लावावा लागतो. भिंतीवर पडणारा ताण दाबाबरोबर वाढतो आणि जाडीबरोबर कमी होतो. म्हणून हृदय भिंत जाड करतं. स्नायूच्या पेशींची संख्या फारशी वाढत नाही. असलेल्या पेशीच फुगतात, आणि त्यांच्यामध्ये तंतुमय ऊती भरत जाते.

तालमीत दंड कमावावे तसं हे होतं, असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही. व्यायाम करणाऱ्याचं हृदयही वाढतं, पण त्याला कामाबरोबर विश्रांती मिळते, त्याच्या केशवाहिन्या स्नायूबरोबर वाढतात आणि व्यायाम थांबवला की ते पूर्ववत होऊ लागतं. रक्तदाबाने जाड झालेल्या हृदयाला झोपेतही सुट्टी नसते. पेशी जाड होतात, पण त्यांना रक्त पोचवणाऱ्या केशवाहिन्या त्या प्रमाणात वाढत नाहीत. भिंतीचा सगळ्यात आतला थर उपाशी राहू लागतो. अशा माणसाच्या हृदयाच्या मोठ्या रोहिण्या अँजिओग्राफीत मोकळ्या दिसल्या, तरी जिना चढताना त्याच्या छातीत दाटून येऊ शकतं.

यापेक्षाही महत्त्वाची गोष्ट हृदय सैल पडण्याच्या क्षणाची आहे. हृदयाचं काम म्हणजे आकुंचन, असं आपण समजतो. पण आकुंचन पावण्याइतकंच मोकळं सैल होणंही त्याला जमावं लागतं, तरच पुढच्या ठोक्यासाठी रक्त आत येतं. जाड, तंतूंनी ताठरलेली जवनिका नीट सैल होत नाही. तिच्यात रक्त भरायला डाव्या कर्णिकेला, म्हणजे तिच्या वरच्या कप्प्याला, जास्त जोर लावावा लागतो. कर्णिका ताणते, मोठी होते. मागचा दाब फुप्फुसांपर्यंत पोचतो आणि माणसाला चालताना दम लागतो. टूडी एकोचा रिपोर्ट मात्र सांगतो की पंपिंग ६० टक्के, म्हणजे उत्तम. घरचे म्हणतात, हृदय तर चांगलं आहे, मग दम का लागतो? दम लागतो, कारण हृदय रिकामं व्यवस्थित होतं, पण भरत नाही. उतारवयातल्या, विशेषतः स्त्रियांच्या, हार्ट फेल्युअरचा मोठा भाग असाच असतो. आणि ताणलेल्या कर्णिकेचा ताल बिघडला, ती नुसती थरथरू लागली, की तिच्या कोपऱ्यात रक्त गोठतं. ती गुठळी सुटून मेंदूत गेली की अर्धांगवायू. बीपीमुळे लकवा झाला असं आपण म्हणतो, तेव्हा काही वेळा तो मेंदूत जाण्याआधी हृदयातून फिरून गेलेला असतो.

हे कशावरून? अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या फ्रॅमिंगहॅम या गावातल्या ५,२०९ माणसांवर १९४८ पासून नजर ठेवली गेली. ती निरोगी असताना तपासली, मग दर दोन वर्षांनी पुन्हा तपासली, आणि कोणाला काय होतं ते लिहून ठेवलं. रूझवेल्ट गेल्यानंतर तीनच वर्षांनी, त्यांच्या जागी आलेल्या ट्रूमन यांनी राष्ट्रीय हृदय कायद्यावर सही केली, त्याच वर्षी हा अभ्यास सुरू झाला. या गावातल्या मंडळींच्या नोंदींतून १९९६ साली असं दिसलं, की ज्यांना हार्ट फेल्युअर झालं त्यांच्यातल्या दहापैकी नऊ जणांना त्याआधी उच्च रक्तदाब होता. आणि पुढे २००२ साली जगभरातल्या ६१ अभ्यासांमधल्या दहा लाख प्रौढांची माहिती एकत्र केली, तेव्हा कळलं की चाळीस ते सत्तर या वयात ११५/७५ पासून पुढे वरचा दाब दर २० अंकांनी वाढला की हृदयविकाराने आणि पक्षाघाताने मरण्याची शक्यता साधारण दुप्पट होते. १४० ही रेषा आपण सोयीसाठी आखली आहे. रोहिणीला ती रेषा माहीत नाही.

आता महारोहिणीकडे वळतो. हा भाग मला स्वतःला सगळ्यात जास्त अचंब्यात टाकतो. महारोहिणी म्हणजे नुसती नळी, असं समजू नका. हृदय रक्त झटक्याने बाहेर टाकतं, पण बोटांच्या टोकाशी ते जवळजवळ सलग वाहतं. हे महारोहिणीमुळे घडतं. हृदय आकुंचन पावताना ती फुगून रक्ताचा काही भाग स्वतःत सामावून घेते, आणि हृदय सैल झालं की पुन्हा आक्रसून तो पुढे ढकलते. तिच्या मधल्या अस्तरातल्या इलास्टिन या तंतूंमुळे ती हे करू शकते. इलास्टिन आपल्याला लहानपणीच मिळतं. मोठेपणी ते पुरेसं नव्याने तयार होत नाही. चाळिशीतल्या माणसाच्या महारोहिणीने दीडशे कोटींहून जास्त वेळा ताण घेतलेला असतो, तोही बहुतांशी त्याच जुन्या तंतूंवर. दाब जास्त असेल तर प्रत्येक ताण मोठा. तंतू झिजतात, तुटतात, आणि भार कोलॅजेनवर येतो. कोलॅजेन मजबूत असतं, पण ताणत नाही. महारोहिणी ताठ होते.

ताठ झाल्याचा हिशोब मोठा आहे. हृदयाचा प्रत्येक ठोका रोहिण्यांमधून एक लाट पाठवतो. तरुणपणी ती सेकंदाला ५-६ मीटर वेगाने जाते. ताठ महारोहिणीत हा वेग १० मीटरच्याही वर जातो. ही लाट पुढे फांद्यांवर आदळून परत येते. तरुण माणसात ती हळू येते, हृदय सैल झाल्यावर पोचते आणि हृदयाच्या स्वतःच्या रोहिण्या भरायला मदत करते. ताठ महारोहिणीत ती लवकर परतते, हृदय अजून रक्त ढकलत असतानाच. झोपाळा आपल्यापासून दूर जाताना ढकलला तर तो वर जातो. आपल्याकडे येत असतानाच ढकलला तर हाताला हिसका बसतो. हृदयाला दर ठोक्याला तसा हिसका बसतो. वरचं बीपी चढतं, खालचं उतरतं. आणि हृदयाच्या रोहिण्या भरतात त्या मुख्यतः खालच्या दाबावर. म्हणजे काम वाढलं आणि शिधा कमी झाला. साठीनंतर १७०/७० असा आकडा दिसला की लोक म्हणतात, खालचं तर छान आहे. तो आकडा मला १५०/९५ पेक्षा जास्त काळजीत टाकतो, कारण त्यातलं अंतर महारोहिणीची अवस्था सांगतं.

मोठ्या रोहिण्यांना चरबीचे थर लागतात, ते कोलेस्टेरॉलमुळे, हे आपण ऐकलेलं असतं. पण मग विचारा: तेच रक्त नीलांमधूनही वाहतं, तेच कोलेस्टेरॉल तिथेही असतं, मग नीला का तुंबत नाहीत? बायपासमध्ये पायातली नीला काढून हृदयाच्या रोहिणीला जोडतात. पायात असताना तिला असा थर कधी लागला नसता. रोहिणीचा दाब सोसावा लागला, की काही वर्षांत तिच्यातही थर साचू लागतो. फुप्फुसाकडे जाणाऱ्या रोहिणीत दाब कमी असतो, म्हणून तीही एरवी स्वच्छ राहते. तिथला दाब आजाराने वाढला की तिलाही थर लागतात. आणखी एक दाखला जन्मजात दोषाचा आहे. काही मुलांची महारोहिणी छातीत एका जागी चिमटल्यासारखी अरुंद असते. तिच्या वरच्या बाजूला, म्हणजे डोकं आणि हातांकडे, दाब जास्त, खाली कमी. एकच माणूस, एकच रक्त, एकच आहार, आणि वरच्या रोहिण्या अकाली म्हाताऱ्या होतात, खालच्या बचावतात. कोलेस्टेरॉल लागतंच, पण त्याला भिंतीत घुसवायला दाब मदत करतो. तो आधी आतल्या नाजूक अस्तराला इजा करतो, मग त्या इजेत सगळं साचतं.

महारोहिणीला होणारी सगळ्यात भीषण गोष्ट म्हणजे तिची भिंत आतून फाटणं. आतलं अस्तर चिरतं आणि रक्त मधल्या अस्तरात घुसून भिंतीचे दोन पदर वेगळे करत जातं. याची पहिली नीट लिहून ठेवलेली घटना इंग्लंडचा राजा दुसरा जॉर्ज याची. २५ ऑक्टोबर १७६० रोजी सकाळी तो शौचकूपात कोसळून गेला. राजवैद्य फ्रँक निकोल्स याने शव उघडलं, तेव्हा हृदयाभोवतीची पिशवी रक्ताने भरलेली होती आणि महारोहिणीच्या आतल्या बाजूला आडवी चीर होती. आज माहीत आहे की असा प्रसंग ओढवलेल्यांत बहुतेकांना आधीपासून उच्च रक्तदाब असतो. हृदयाजवळच्या भागात असं झालं आणि शस्त्रक्रिया झाली नाही, तर पहिल्या दोन दिवसांत दर तासाला शेकडा एक ते दोन रुग्ण दगावतात. छातीतून पाठीकडे जाणारी, फाडल्यासारखी, पहिल्या क्षणालाच सर्वांत तीव्र असलेली कळ आली, आणि दोन्ही हातांतल्या दाबात मोठा फरक असला, तर हार्ट अटॅक समजून रक्त पातळ करण्याआधी थांबून हा विचार करावा लागतो. सभागृहात काही तरुण डॉक्टर दिसताहेत, त्यांच्यासाठी हे मुद्दाम बोललो.

उच्च रक्तदाबाचा इतिहास सांगताना एका नावाला जागा दिलीच पाहिजे. पाटण्याचे शेख दीन महंमद अठराव्या शतकाच्या अखेरीस आयर्लंडला गेले आणि पुढे इंग्लंडमध्ये, ब्रायटनला, त्यांनी स्नानगृह काढलं. त्यांचा नातू फ्रेडरिक अकबर महंमद लंडनच्या गायज हॉस्पिटलमध्ये डॉक्टर झाला. दंडाला बांधायचा पट्टा तेव्हा जन्माला यायचा होता. तो इटलीत रिव्हा-रोची यांनी १८९६ मध्ये आणला. अकबर महंमद मनगटावरच्या नाडीची लाट कागदावर उमटवणाऱ्या यंत्राने काम करत. मूत्रपिंड बिघडल्यामुळे दाब वाढतो, अशी तेव्हा समजूत होती. त्यांनी दाखवलं की मूत्रपिंडाचं काहीही लक्षण नसलेल्या, वरकरणी ठणठणीत माणसांतही दाब वाढलेला असतो. काहीच त्रास नसणाऱ्या माणसाचा रक्तदाब पहिल्यांदा ज्यांना दिसला, त्यांत ते अग्रभागी होते. १८८४ साली विषमज्वराने ते गेले, तेव्हा वय अवघं पस्तीस.

तरीही पुढची साठ वर्षं वैद्यकाने याकडे पाठ फिरवली. अरुंद झालेल्या रोहिण्यांतून रक्त पोचवायला हा दाब शरीराला हवाच असतो, तो कमी केला तर घात होईल, असं मोठमोठे डॉक्टर पाठ्यपुस्तकांत लिहीत. वयात शंभर मिळवले की तेवढं बीपी चालतं, हा आपल्या घराघरांतला हिशोब त्याच काळाची शिल्लक आहे.

तो समज मोडायला औषध हवं होतं, आणि इथे मुंबईचं नाव येतं. डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेच्या मुळीचा उच्च रक्तदाबावरचा अनुभव १९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये मांडला. सर्पगंधा आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या वापरात होती, आणि त्याआधी आपल्याच देशातल्या डॉक्टरांनी तिच्यावर लिहिलंही होतं. पण वकिलांच्या त्या लेखाने पश्चिमेचं लक्ष तिच्याकडे वळलं. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीने तिच्यातलं रिझर्पिन वेगळं केलं. १९५७ साली वकिलांना लास्कर पुरस्कार मिळाला. आणि १९६७ मध्ये एडवर्ड फ्रीस यांनी अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या इस्पितळांत जी चाचणी केली, तिच्यात दिलेल्या तीन औषधांपैकी एक हे रिझर्पिन होतं. खालचा दाब ११५ ते १२९ असलेले १४३ पुरुष. निम्म्यांना औषधं, निम्म्यांना नुसत्या दिसायला तशाच गोळ्या. दीड-दोन वर्षांत नुसत्या गोळ्यांच्या गटात २७ जणांवर गंभीर प्रसंग ओढवले. औषधांच्या गटात दोघांवर. दाब उतरवल्याने घात होतो की माणूस वाचतो, हा वाद तिथे संपला. हे औषध १९४४ मध्ये ब्रुएन यांच्या हाती असतं तर काय झालं असतं, हा विचार माझ्या मनात नेहमी येतो. मात्र कोणी घरी जाऊन सर्पगंधेचं चूर्ण सुरू करू नका. रिझर्पिनने काही जणांना खोल उदासी यायची, म्हणून ते मागे पडलं. आज त्याहून सौम्य आणि स्वस्त गोळ्या सरकारी दवाखान्यात मिळतात.

मिळतात, तरी घेतल्या जात नाहीत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात पंधरा वर्षांवरच्या पुरुषांपैकी २४ टक्के आणि स्त्रियांपैकी २१ टक्के या आजाराच्या कक्षेत आढळले. यातल्या पुष्कळांना ते माहीत नसतं. माहीत असतं त्यांतले अनेक जण बीपी नॉर्मल आलं म्हणून गोळी थांबवतात. ते नॉर्मल गोळीमुळे आलेलं असतं. गोळीची सवय लागेल अशी भीती वाटते. सवय लागत नाही, गरज असते, आणि ती गोळीच्या आधीपासून असते. उलट नियमित औषधाने जाड झालेली जवनिका काही महिन्यांत पातळ होऊ लागते. हे एकोवर मोजता येतं. जुळवून घेण्याची हृदयाची ताकद उलट दिशेनेही चालते, फक्त ती वेळेवर वापरायला हवी.

मिठाबद्दल थोडक्यात. दिवसाला ५ ग्रॅम, म्हणजे सपाट चमचाभर, ही जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा. आपलं लोणचं, पापड, सुकट, फरसाण आणि पानात वाढलेलं मीठ मिळून ती सकाळच्या जेवणातच ओलांडली जाते. सैंधव हेही मीठच आहे. आणि बीपी मोजताना पाच मिनिटं पाठ टेकून शांत बसा, हात छातीच्या उंचीवर टेकवा, लघवी तुंबवू नका, मोजताना बोलू नका. अर्धा तास आधी चहा किंवा तंबाखू नको. पट्टा दंडाच्या मापाचा असावा. जाड दंडाला लहान पट्टा बांधला की आकडा खोटा चढतो.

शेवटी तो प्रश्न, जो अशा व्याख्यानानंतर कोणाची तरी सून किंवा मुलगा बाजूला येऊन हळूच विचारतो: “बाबांचं वय ब्याऐंशी. आता या वयात कशाला गोळ्या?” वय अधिक शंभर या हिशोबात हाच प्रश्न दडलेला होता, आणि डॉक्टरांनाही त्याचं उत्तर बरीच वर्षं ठाऊक नव्हतं. २००८ साली ऐंशी वर्षांवरच्या ३,८४५ जणांवरची चाचणी प्रसिद्ध झाली. त्यांचा वरचा दाब १६० किंवा त्याहून जास्त होता. तो घाई न करता १५०/८० पर्यंत आणायचा, एवढंच ठरवलं होतं. औषध घेणाऱ्यांत मृत्यू २१ टक्क्यांनी कमी झाले आणि हार्ट फेल्युअर ६४ टक्क्यांनी. फरक इतका स्पष्ट दिसू लागला, की ती चाचणी ठरलेल्या मुदतीआधीच थांबवावी लागली. बाबांना उभं केल्यावर चक्कर येते का, तेवढं मात्र उभ्याने बीपी मोजून बघायला सांगा, आणि गोळी सुरू करा.